खिडकीबाहेरचं विकतं कोण?

आलिशान फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी भिंतींकडे बघत नाही. संगमरवर, नळ, स्वयंपाकघरातली कपाटं हे सगळं नंतर. दार उघडलं की पाय सरळ खिडकीकडे जातात आणि तिथं पोचल्यावर माणूस मिनिटभर काही बोलत नाही. घरांचे नकाशे काढण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. हे दृश्य इतक्यांदा पाहिलंय की सौदा होणार की नाही, ते मला त्या मिनिटभरातच कळतं.

मग प्रश्न सुरू होतात. ऊन कुठल्या बाजूनं येतं? समोरची जागा मोकळी आहे, तिथं उद्या काय उभं राहणार? रस्त्याचा आवाज वरपर्यंत येतो का? समोरच्या इमारतीतून आतलं दिसतं का? एका मजल्यावर घरं किती, आणि लिफ्ट थेट आपल्या दारात उघडते ना? बंगल्यासारखं वाटलं पाहिजे, पण हवं शहराच्या मधोमध. उजेड, हवा, शांतता, दूरवरचं दिसणं आणि कुणाची नजर आपल्यावर नसणं. पैसेवाल्या माणसाला शहरातल्या घराकडून मुळात हेच हवं असतं. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, छोटं थिएटर हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, पण घर घेऊन लोक राहायला गेले की त्यातलं बरंचसं रिकामंच पडून राहतं. खिडकी मात्र रोज वापरली जाते.

आता जरा विचार करा, यातलं बिल्डर काय बनवतो? स्लॅब घालतो, भिंती बांधतो, पाइप टाकतो. उजेड येतो तो समोर कमी उंचीची घरं आहेत म्हणून. नदी किंवा बाग दिसते ती सगळ्यांच्या करातून राखलेली असते. शांतता मिळते ती गर्दीचा रस्ता दुसऱ्या कुणाच्या उशाशी आहे म्हणून. पण किंमत वसूल होते ती या सगळ्याची, आणि ती जाते एकाच्या खिशात. त्यातला वाटा ना बागेला मिळतो, ना ज्याचं ऊन गेलं त्या शेजाऱ्याला.

ही मागणी हावरट आहे असं मला वाटत नाही. श्रीमंत माणूस घराकडून जे मागतो, ते माणसाच्या घराला लागतंच. त्याच्याकडे मागायची ऐपत आहे, म्हणून ते त्याच्या तोंडून ऐकू येतं इतकंच. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घराचं किमान म्हणून जे प्रत्येकाला कायद्यानं मिळायला हवं, तेच वरच्या मजल्यांवरची चैन म्हणून विकलं जातं, आणि शहराचे नियम ती विक्री बिनबोभाट होऊ देतात.

हे किमान आहे म्हणते, ते भावनेच्या भरात नव्हे. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण त्यानं निवडले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. आवाजाचंही तसंच. रात्री घराबाहेरचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या आत राहावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २००९ मध्ये केली, ती आरोग्य जपण्यासाठी. झोप लागणं ही कुणाची हौस नसते.

उंचावर राहणं ही कायम श्रीमंतीची खूण होती असंही नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे जुने भाग पाडून नव्या रुंद रस्त्यांवर सहा-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा सगळ्यात मानाचा मजला दुसरा होता. छत उंच, सज्जा मोठा, आणि जिने फार चढायचे नाहीत. नोकरमाणसं राहायची अगदी वर, जस्ताच्या पत्र्याखालच्या बारक्या खोल्यांत, आणि त्यांनी मागच्या वेगळ्या जिन्यानं चढायचं. उन्हाळ्यात त्या खोल्या भाजून काढायच्या आणि हिवाळ्यात गोठवायच्या, हे खरं. पण शहरभरचं आभाळ त्यांच्याच छोट्या खिडकीतून दिसायचं. १८५७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात एलिशा ओटिसच्या कंपनीनं माणसं वाहणारी लिफ्ट बसवली, आणि पुढच्या काही दशकांत सगळा हिशेब उलटा झाला. वर जायला गुडघे झिजवावे लागत होते तोवर वरचा उजेड गरिबाचा होता. ते कष्ट संपले तसा तो उजेडही त्याच्या हातून गेला. नोकराची खोली वरून खाली आली, आणि आली ती थेट स्वयंपाकघराच्या मागे, आतल्या बाजूला.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण अशा खोल्या मीही काढल्या आहेत. एका नकाशात चार बेडरूम होत्या, चारही खोल्यांना दोन बाजूंनी खिडक्या. चपला-बुटांसाठी वेगळी खोली होती. आणि घरी राहून काम करणाऱ्या बाईंसाठी सहा बाय आठ फुटांची खोली, जिच्या एका भिंतीपलीकडे लिफ्टचा शाफ्ट होता आणि दुसरीपलीकडे पाइपांची डक्ट, म्हणजे पाइप नेण्यासाठी ठेवलेली बंद, उभी पोकळी. त्या डक्टमध्ये उघडणारी एक झडप म्हणजे तिची हवा. खिडकी देता येईल, बुटांची खोली आत सरकवू, असं मी सुचवलं होतं. उत्तर आलं, "बाहेरची भिंत अशी वाया घालवायची नसते." धंद्याच्या हिशेबानं ते बरोबर होतं. इमारतीत सगळ्यात महाग असते ती बाहेरची भिंत, कारण खिडकी तिथंच बसते. मी नकाशा दुरुस्त केला नाही. तसाच पुढे गेला.

लोक राहायला गेल्यावर एका दुरुस्तीसाठी मी त्या घरी गेले होते. सकाळचे अकरा वाजले होते. दिवाणखान्यात इतका उजेड की पडदे अर्धे ओढलेले. स्वयंपाकघर ओलांडून मागे गेले तर त्या खोलीत ट्यूबलाइट चालू. दार पूर्ण मिटू नये म्हणून खाली चप्पल अडकवलेली, तेवढ्या फटीतून वारा यावा म्हणून. दारावर ओला टॉवेल, तो सुकायला दुसरी जागाच नव्हती. बाई म्हणाल्या, "पाऊस पडतोय का नाही, ते बाहेर आल्यावरच कळतं मला." त्याच घरात, वीस पावलांवर, पाऊस बघण्यासाठी म्हणून मुद्दाम एक कोपरा केलेला होता, आरामखुर्चीसकट.

आलिशान घराची चर्चा करताना आपण बुरूजासारख्या इमारती आणि झोपड्या अशी तुलना करतो. मला त्याहून जास्त टोचतं ते एकाच चार भिंतींच्या आतलं हे अंतर. ज्या माणसाला उजेडाची किंमत इतकी नेमकी कळते की त्यासाठी तो आयुष्यभराची कमाई ओततो, त्याला आपल्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्या माणसाला तो लागत असेल हे सुचू नये? सुचत नाही. म्हणूनच ते चांगुलपणावर सोडून चालत नाही, नियमात लिहावं लागतं.

आणि असे नियम लिहिले गेलेले आहेत. न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या चाळवजा इमारतींत आतल्या अंधाऱ्या खोल्यांत कुटुंबंच्या कुटुंबं कोंबलेली असायची. १८७९ च्या कायद्यानं खिडकी सक्तीची केली, तर मालकांनी दोन इमारतींच्या मधे अरुंद बोळकांडी सोडून त्यात खिडक्या उघडल्या. कायदा पाळला गेला, उजेड आलाच नाही. लोक त्या बोळकांडीत कचरा टाकायला लागले. मग १९०१ च्या कायद्यानं आतल्या मोकळ्या चौकाचं मापच ठरवून दिलं. जपाननं १९७६ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. निवासी भागात उंच इमारत बांधायची तर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, हिवाळ्यात, सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात तिची सावली शेजारच्या जमिनीवर किती तास पडते ते मोजायचं, आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त पडत असेल तर इमारतीचा आकार बदलायचा. मला हा नियम फार आवडतो. सावली तासांत मोजता येते, आणि जे मोजता येतं त्यावर दावाही सांगता येतो.

उलटं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. १६९६ पासून १८५१ पर्यंत तिथं घराच्या खिडक्या मोजून कर घेत. मोठ्या घरवाल्यांनी भरला. भाड्यानं घरं देणाऱ्या मालकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि अंधारात राहिले ते भाडेकरू. कर लावायचा हेतू श्रीमंतांकडून घेण्याचा होता. पण किमान उजेड सगळ्यांना मिळेल अशी तजवीज त्याच्या जोडीला नव्हती, त्यामुळे भुर्दंड पडला तो ज्याच्या हातात खिडकी नव्हती त्याच्यावर. नुसता श्रीमंतांवर कर लावा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

दिसण्याची आणि न दिसण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. लंडनमध्ये टेट मॉडर्न या संग्रहालयानं २०१६ मध्ये आपल्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर शहर बघायला खुली गच्ची केली. कुणीही यावं, फुकट बघावं. समोर साधारण ३४ मीटरवर काचेच्या भिंतींचे महागडे फ्लॅट होते. गच्चीवर वर्षाला पाच-सहा लाख लोक यायला लागले आणि शहराबरोबर त्या फ्लॅटमधली माणसंही बघायला लागले, फोटो काढायला लागले. रहिवासी कोर्टात गेले. काचेचं घर तुम्हीच घेतलंत, पडदे खाली ओढा, अशा अर्थाचा निकाल २०१९ मध्ये लागला. अपिलातही ते हरले. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: माणसाला प्राणिसंग्रहालयातल्यासारखं सतत बघितलं जाणं हा उपद्रवच आहे.

या निकालावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या मते तो योग्य होता. शेकडो लोकांनी रोज आत डोकावावं हे कुणाच्याच वाट्याला येऊ नये, मग घर कितीही महागाचं असो. पण ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कोर्टात लढायची ताकद नाही, त्यांचं काय? दाटीच्या वस्तीत समोरची खिडकी सहा फुटांवर असते. कपडे बदलायचे तर दिवा मालवावा लागतो. तिथलं बघितलं जाणं आपण 'दाटीवाटी' या एका शब्दात गुंडाळतो, आणि काचेच्या घरातलं बघितलं जाणं मात्र हक्काचा प्रश्न होतो. खाजगीपणा हक्क असेल तर दोन इमारतींमधलं अंतर ठरवतानाच तो धरला पाहिजे.

उंचीच्या हव्यासाचा कळस न्यूयॉर्कमध्येच बघायला मिळतो. सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला पेन्सिलीसारख्या बारीक आणि अतिउंच इमारतींची रांग उभी राहिली आहे. त्यातली ४३२ पार्क अव्हेन्यू ही २०१५ मध्ये पूर्ण झालेली इमारत सुमारे ४२६ मीटर उंच आहे. दर बारा मजल्यांनंतर तिच्यात दोन मजल्यांइतकी जागा यंत्रांसाठी आणि वारा आरपार जाण्यासाठी मोकळी सोडली आहे. प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येईल याची मर्यादा असते, तिला चटईक्षेत्र म्हणतात; यंत्रांची जागा त्यात धरली जात नव्हती. त्यामुळे असे मजले घालून इमारत उंच करायची आणि राहती घरं आणखी वर, बागेच्या नजाऱ्याच्या उंचीवर न्यायची, ही युक्ती त्या शहरात इतकी रुळली की २०१९ मध्ये नियम बदलून तिला आळा घालावा लागला. घरं वर गेली, आणि सावल्या खाली बागेत पडल्या, जिथं मुलं हिवाळ्यातल्या उन्हात खेळायला येतात. गंमत म्हणून नाही, खेदानं सांगते: २०२१ मध्ये त्याच इमारतीतल्या रहिवाशांच्या मंडळानं विकासकावर दावा ठोकला. पाणी गळतं, लिफ्ट बंद पडतात, वाऱ्यानं इमारत हलली की आवाज येतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणजे शांत झोप तिथंही हमखास मिळेलच असं नाही.

श्रीमंत गिऱ्हाइकाच्या यादीतली एक मागणी मात्र मला अजिबात मान्य नाही. वेगळं दार. काम करणाऱ्यांची लिफ्ट वेगळी, स्वस्त घरांत राहणाऱ्यांचा दरवाजा मागच्या गल्लीत. न्यूयॉर्कमध्ये सरकारी सवलत घेऊन बांधलेल्या एका इमारतीत परवडणाऱ्या घरांसाठी असं वेगळं दार ठेवल्यावर लोकांनी त्याला 'गरिबांचं दार' म्हटलं, इतका गदारोळ झाला की २०१५ मध्ये सवलत घेणाऱ्या इमारतींना तसं करायला मनाई झाली. ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरानं लिफ्टमधला भेदभाव १९९६ मध्येच कायद्यानं बंद केला. आणि लंडनमध्ये २०१९ साली उघडकीला आलेली गोष्ट तर मुलांची होती. एकाच वसाहतीत महाग घरं आणि स्वस्त भाड्याची घरं, मधे खेळायची जागा, आणि तिथं जायचा रस्ता फक्त महाग घरांतल्या मुलांना. पलीकडची मुलं स्वतःच्या खिडकीतून खेळ बघायची. वर्गातले मित्र खाली, आणि आपण वर. बोभाटा झाल्यावर ती जागा खुली झाली. पण तो नकाशा काढताना कुणीतरी तिथं रेघ ओढली होती, आणि माझ्यासारखंच कुणीतरी ती तशीच पुढे जाऊ दिली होती.

उजेड, हवा, शांतता सगळ्यांना वाटून देता येते. वेगळं दार वाटता येत नाही. दुसरा कुणीतरी बाहेर उभा असला तरच त्याला किंमत असते. म्हणून ती मागणी बाकीच्यांच्या रांगेत बसवू नये.

यावर लोक मला म्हणतात, पैसे मोजलेत ना त्यांनी? मोजलेत, पण कुणाला? ज्याचं ऊन गेलं त्याला एक छदाम मिळालेला नाही. दुसरा मुद्दा असतो की श्रीमंतांना असं छळलंत तर ते शहर सोडून बाहेर मोठमोठे बंगले बांधतील, आणखी जमीन खातील. हा मुद्दा मी मानते. छोट्या प्लॉटवर शंभर कुटुंबं एकावर एक राहणं हे शंभर बंगल्यांपेक्षा केव्हाही बरं, आणि त्यांच्या करावर शहराची बरीच कामं चालतात. त्यांनी इथंच राहावं. पण राहावं. ज्या घरात वर्षानुवर्षं दिवा लागत नाही, नुसते पैसे ठेवायची तिजोरी म्हणून घेतलेलं, ते घर शेजाऱ्याचं ऊन घेतं आणि शहराला माणूसही देत नाही. व्हँकुव्हरनं २०१७ पासून अशा रिकाम्या घरांवर मूल्याच्या १ टक्का कर लावला, पुढे तो ३ टक्क्यांवर नेला. हे मला न्याय्य वाटतं.

तिसरा आक्षेप गणिताचा: सगळ्यांना नजारा कसा देणार? घरोघरी नाही देता येणार, हे कबूल. पण शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नानं काय केलं बघा. १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला, जेवढं घर आलिशान तेवढा दर चढा, आणि त्या पैशातून कामगारांसाठी घरं बांधली. त्यातली कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत किलोमीटरभर लांब आहे, आणि तिच्या जमिनीचा एक पंचमांशाच्या आसपासच भाग बांधकामाखाली आहे. उरलेल्या जागेत बागा, अंगणं, झाडं. सिंगापूरमध्ये २००९ मध्ये पूर्ण झालेली पिनॅकल ॲट डक्सटन ही सरकारी गृहनिर्माणातली वसाहत ५० मजली आहे. सात मनोरे, १,८४८ घरं, आणि २६ व्या नि ५० व्या मजल्यावर मनोऱ्यांना जोडणाऱ्या बागा. महागड्या इमारतीत जो मजला एका कुटुंबाच्या नावावर असता, तिथं संध्याकाळी शाळकरी पोरं, म्हातारी माणसं फिरतात. गच्ची सगळ्यांची ठेवली की गणित सुटतं.

म्हणून माझं मागणं आमच्याच धंद्यातल्या लोकांकडे आणि नकाशे मंजूर करणाऱ्यांकडे आहे. माणूस जिथं झोपणार त्या प्रत्येक खोलीला, ती कामवाल्या बाईंची असली तरी, आभाळ दिसेल अशी खिडकी असल्याशिवाय नकाशावर शिक्का पडू नये. डक्टमधली झडप खिडकी म्हणून मोजू नये. सार्वजनिक बागेचा किंवा नदीचा नजारा दाखवून जिथं जादा भाव घेतला जातो, तिथं त्या जादा भावातला ठरलेला वाटा त्याच बागेच्या, त्याच नदीकाठाच्या देखभालीला जावा. आणि उंच इमारतीचा प्रस्ताव आला की तिची सावली कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुणाच्या खिडकीवर पडेल याचा तक्ता साध्या भाषेत छापून आजूबाजूच्या प्रत्येक घरात पोचवावा. कॉम्प्युटरवर हे काम आम्ही दोन दिवसांत करतो. आत्ताही करतोच, फक्त तो तक्ता घर विकत घेणाऱ्याला दाखवण्यासाठी असतो, त्याच्या बाल्कनीत ऊन किती वेळ राहील हे सांगायला. तोच कागद खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या हातात द्यायचा आहे, आणि हरकत नोंदवायला त्यांना पुरेसे दिवस द्यायचे आहेत.